खांद्यावरचा अर्धा तास

मास्तरांना आधी वाटलं, मशीनच कुरकुरतंय.

सकाळी दुकान उघडून त्यांनी एका पँटची लांब शिलाई धरली होती. पायांची लय लागली होती आणि मधूनच 'कुईं' असा बारीक आवाज येत होता. मशीन त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच लहान, कुरकुरलं तर नवल नाही. त्यांनी तेलाची कुपी काढली, जिथे जिथे भोक आहे तिथे तिथे दोन-दोन थेंब सोडले, चाक हाताने फिरवलं, ओघळलेलं तेल चिंधीने टिपलं आणि पुन्हा बसले. कुईं. त्यांनी पाय उचलले. मशीन थांबलं. आवाज थांबला नाही.

तो पडद्यामागून येत होता. मागच्या खोलीत त्यांची अठरा दिवसांची मुलगी आईशेजारी झोपली होती आणि प्रत्येक श्वास आत घेताना तिच्या घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघत होता.

"मास्तर," बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "ही शिट्टी का वाजवतेय रे?"

तिने सहज म्हटलं, पण नाव चिकटलं. कागदोपत्री मुलीला चांगलं चार अक्षरी नाव होतं, ते कागदावरच राहिलं. घरात ती शिट्टी झाली.

दोघांचं लग्न उशिराच झालेलं. मास्तर चाळिशीला टेकलेले, ती छत्तीस ओलांडलेली. ती पुलांच्या कामावर मोजणी करायची. तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण चढवून एक डोळा मिटून दिवसभर उन्हात उभं राहायचं, हे तिचं काम. जाकिटाला आतून एक वहीचा खिसा लावून घ्यायला ती पहिल्यांदा दुकानात आली होती. मास्तरांनी माप घेतलं, तर तिने त्यांच्या हातातला टेप घेऊन तो अर्ध्या सेंटिमीटरने ताणलाय हे दाखवून दिलं. वीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मास्तर रागावले, मग हसले, आणि पुढच्या वर्षी लग्न झालं. ती त्यांना सगळ्या गावासारखी 'मास्तर'च म्हणायची, फक्त एकेरीत.

शिट्टीच्या आवाजावर ज्याला त्याला मत होतं. मास्तरांची ताई आठ दिवस राहून गेली, ती म्हणाली, "तूही लहानपणी घोरायचास. बापावर गेलीय, दुसरं काय." सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना जिना उतरवत नव्हता. त्या फोनवरून म्हणाल्या, "जावईबापू, गार वारा लागला असेल, कान बांधा." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोरीकडे नीट पाहिलंही नाही. सर्दी आहे म्हणाले, नाकात थेंब दिले. थेंब घातले, कान बांधले, आवाज होता तसाच. उताणं ठेवलं की वाढायचा, रडली की शिगेला पोचायचा.

आणि दुसरं दुखणं दुधाचं. पोटात जाईल त्याच्या निम्मं परत यायचं. कधी लगेच, कधी तासाभराने आंबट होऊन. पाठ धनुष्यासारखी ताणून पोर लालेलाल व्हायची, आणि मग ज्याने धरली असेल त्याच्या अंगावर सगळा अभिषेक.

"बाईसाहेब," मास्तर तिला विचारायचे, "माल परत का करता? पसंत नाही का?"

बायको हसायची. तेव्हा ती घरात होती, म्हणून हसण्याला कोणीतरी होतं.

तिसऱ्या महिन्यात तिला कामावर हजर व्हावं लागलं. पूल डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, बसने आठ तासांवर. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. खांबांची मोजणी अर्ध्यावर आली होती, आणि ती आता दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे एकाने बेतलेलं कापड दुसऱ्याने शिवणं. हे मास्तरांना समजावून सांगावं लागलं नाही. दुकान घरातच, ते घरातच, मग पोरीचं त्यांनी बघायचं हे ठरवायलाही लागलं नाही. निघताना ती दारात तीनदा मागे वळली. चौथ्यांदा वळली असती तर गेलीच नसती, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मास्तरांनीच दार लोटून घेतलं.

दार लावल्यावर घरात दोनच आवाज उरले, मशीनचा आणि शिट्टीचा. पुढे पुढे मशीनचाही कमी झाला.

एकदा वकीलसाहेब काळ्या कोटाची ट्रायल द्यायला आले. जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी एक कोट. मास्तर खांद्याला टाचण्या लावत होते, तोच पडद्यामागून कुईं सुरू झालं.

"हे काय?"

"मुलगी आहे माझी."

"बरी आहे ना?" वकीलसाहेब अर्धं पाऊल मागे सरले. "आई कुठाय तिची?"

"कामावर."

"म्हणजे… येणार आहे ना?"

"तीन आठवड्यांनी येते, साहेब."

वकीलसाहेबांनी मान हलवली, पण त्यांचं नाक काहीतरी शोधत होतं. मास्तरांना एकदम उमगलं. आपल्या डाव्या खांद्याला आंबट दुधाचा वास येतोय. घरातल्या सगळ्या शर्टांचे डावे खांदे तसेच झाले होते, धुतले तरी वास आत मुरलेला. आणि कोट हातावर घेऊन ते सकाळी पोरीला थोपटत उभे होते. काळ्या कापडावर कॉलरखाली एक पांढुरका ओघळ वाळला होता. दोघांनीही तो पाहिला. वकीलसाहेब सज्जन माणूस, नजर वळवून त्यांनी कोट हलकेच काढून ठेवला. कोट तयार झाल्यावर न्यायला मात्र शिपाई आला, आणि पुढचा कोट कुठे शिवला गेला कोणास ठाऊक. हळूहळू बाकीच्यांचंही येणं विरळ झालं. भांडण कोणाशीच नव्हतं. माणसं फक्त समोरच्या फुटपाथने जायला लागली.

वजनाच्या दिवशी मास्तर शिट्टीला घेऊन बालरुग्णांच्या दवाखान्यात गेले. बाकावर सगळ्या आया. ते बसेपर्यंत तिथे दात येणं, झोप, नवरे, सासवा असं सगळं रंगात आलं होतं. ते बसले आणि गप्पा मिटल्या. शेजारणीने आपलं बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"सर्दीये का हिला?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे, कोणालाच माहीत नाही अजून."

"आईला बरं नाही?"

"बरंय. कामावर गेलीय."

"अगोबाई," ती म्हणाली, आणि आपल्या बाळाचं टोपडं नीट करायला लागली. समोर भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं, ते मास्तरांनी तासभर पाहिलं.

वजन करणाऱ्या सिस्टरने शिट्टीला ताटलीत ठेवलं, आकडा वाचला आणि लिहिता लिहिता पेन थांबवलं. पुन्हा ठेवलं. आकडा तोच. तीन आठवड्यांत जेवढं वाढायला हवं होतं त्याच्या निम्मंही वाढलं नव्हतं.

"हा आवाज कधीपासून?"

"अठराव्या दिवसापासून. सगळे म्हणाले सर्दी."

"नाक तर कोरडं ठणठणीत आहे," सिस्टर म्हणाली. तिने पोरीचा अंगरखा वर करून छातीकडे नीट पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. तीन महिन्यांत त्यांच्याकडे असं पाहणारी ती पहिलीच. "थांबा इथेच. मोठ्या बाईंना दाखवते."

मोठ्या बाईंनी चिठ्ठी दिली आणि दोन दिवसांनी मास्तर मोठ्या इस्पितळात घशाच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले. बाई ठेंगण्या, चष्मा केसांत खोचलेला, तोच दोनदा टेबलावर शोधला. त्यांनी शिट्टीला मास्तरांच्या मांडीवर बसवलं, डोकं धरायला सांगितलं आणि दोऱ्याएवढी बारीक नळी तिच्या नाकातून आत सोडली. शिट्टी किंचाळली. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, पण हात हलले नाहीत. बटणाचं काज कापताना हात हलून चालत नाही, त्याची सवय.

"पडद्यावर बघा," बाई म्हणाल्या.

पडद्यावर ओलं, गुलाबी, चमकणारं असं काहीतरी होतं. पोर श्वास घ्यायची की वरचा मऊ पडदा आत ओढला जाऊन दुमडायचा, वाट अर्धी बंद व्हायची. श्वास सोडला की पुन्हा उघडायचा.

"हे स्वरयंत्राच्या वरचं कूर्चेचं झाकण. हिचं जरा जास्तच मऊ आहे. हवा आत जाताना ते फडफडतं, त्याचा हा आवाज."

मास्तर बघत राहिले. मग म्हणाले, "बकरम नाहीये."

"काय?"

"कॉलरच्या आत कडक कापड असतं बाई, बकरम. ते नसलं की कॉलर अशीच आत लोळते."

बाई हसल्या. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी पहिल्यांदाच या माणसाकडे बघितलं. "अगदी तेच. हिचं बकरम अजून तयार व्हायचंय. तिचं तीच तयार करेल. वर्ष, दीड वर्ष लागेल. बहुतेक मुलांचं आपोआप होतं. फार थोड्यांना शस्त्रक्रिया लागते."

"आणि दुधाचं?"

"ते याचंच भावंड. श्वास ओढायला जोर लावते, तो जोर पोटावर येतो, दूध वर येतं. वर आलेलं आंबट दूध तो मऊ भाग सुजवतं, की आवाज वाढतो. म्हणजे दोघं एकमेकांना चिथावतात." त्यांनी आम्ल कमी करणारं औषध लिहून दिलं आणि मग पेन खाली ठेवलं. "पण खरं औषध तुमच्या हातात आहे. थोडं थोडं पाजा, जास्त वेळा पाजा. मध्ये थांबून ढेकर काढा. आणि पाजल्यावर अर्धा तास खांद्याशी उभं धरा. निजवायचं मात्र पाठीवरच, सपाट गादीवर. आवाज वाढला तरी पालथं नाही आणि उशीही नाही. कोणी काहीही सांगू दे."

"दर वेळी अर्धा तास?"

"दर वेळी."

मग घाबरायचं कशाला, तेही त्यांनी सांगितलं. आवाजाला घाबरू नका. बरगड्यांखालची कातडी खोल आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर झाले, श्वास मध्येच थांबला, दूध तोंडातच घेईना, तर एक मिनिट थांबू नका. मास्तरांनी ते सगळं मापाच्या वहीत लिहून घेतलं, एका गिऱ्हाइकाच्या कंबर आणि बाहीच्या मापांखाली.

दिवसातून आठ वेळा पाजायचं, आठ वेळा अर्धा तास. म्हणजे दिवसाचे चार तास मास्तर नुसते उभे. आपण बसलो की खांद्यावर पोरीचं पोट दुमडतं आणि दूध वर येतं, म्हणून उभेच. एका हाताने काज होत नाही, कात्री चालत नाही, इस्त्रीजवळ तर जायचंच नाही. एका हाताने जमेल असं शिवणकामात काहीच नसतं, हा शोध त्यांना चाळिसाव्या वर्षी लागला.

ते दुकानाच्या खिडकीत उभे राहायचे. समोर सायकल दुरुस्तीवाला नळाखाली ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचा. औषधाच्या दुकानाचं शटर मधल्या वेळेत अर्ध्यावर यायचं आणि खालून मालकाच्या चपला दिसायच्या. शाळेची बस बरोबर तीन वीसला वळायची. महिन्याभरात रस्ता त्यांना तोंडपाठ झाला. रस्त्याला मात्र त्यांचा पत्ता नव्हता. काचेआड हलणाऱ्या माणसाकडे कोणी वर बघत नसे, आणि कधी बघितलंच तर नजर काचेवरच्या 'तातडीने अल्टर करून मिळेल' या अक्षरांवर थांबून परत जायची. एकेका दिवशी त्यांच्या ध्यानात यायचं, आज सकाळपासून आपण एकाही मोठ्या माणसाशी बोललेलो नाही. मग ते मुद्दाम औषधाच्या दुकानात जायचे आणि घरात असलेलाच कापूस पुन्हा मागायचे.

संध्याकाळी खोऱ्यातून फोन यायचा. एका टेकाडावर चढलं तरच तिथे रेंज मिळे, म्हणून ती काम संपल्यावर टेकाड चढून फोन करायची. धापा टाकतच बोलायची. मास्तर फोन शिट्टीच्या तोंडासमोर धरायचे. फोनवर तो आवाज जास्तच कर्कश वाटायचा.

एकदा ती म्हणाली, "मास्तर, फोन जरा लांब धर ना."

"का?"

"ऐकवत नाही रे मला."

मास्तरांनी फोन लांब धरला. मनात एक टाका उसवला. मी दिवसरात्र ऐकतो, आणि तुला दोन मिनिटं ऐकवत नाही? ते बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून फोन आला की ते पोरीला पाळण्यात ठेवून दारापर्यंत येऊन बोलू लागले. "कशी आहे?" "बरी आहे." "दूध?" "घेतेय." बोलणं आखूड होत गेलं. तिकडे टेकाडावर ती काय समजली, हे त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

पाचव्या महिन्यात शिट्टीला खरोखरची सर्दी झाली.

सकाळी नुसतं नाक वाहत होतं. दुपारी दोनच्या पाजणीला तिने बाटली तोंडात घेतली आणि सोडली. पुन्हा घेतली, पुन्हा सोडली, जणू श्वास की दूध यातलं एकच काहीतरी निवडायला तिला सांगितलं होतं. मास्तरांनी अंगरखा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, इतका खोल की त्यात अंगठा बसावा. कपाळ घामाने भिजलेलं. आणि आवाज, इतके महिने घर भरून टाकणारा तो आवाज, बारीक होत चालला होता.

मशीनवर एका पँटचा पाय टाचून तसाच होता. इस्त्रीची वायर तेवढी त्यांनी ओढून काढली आणि पोरीला छातीशी धरून रस्त्यावर आले. दार उघडंच राहिलं. सायकलवाल्याने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता रस्त्याच्या मधोमध उभं राहून टॅक्सी अडवली. आतल्या उतारूला हाताला धरून उतरवलं. "दुकान बघतो मी," एवढंच म्हणाला.

टॅक्सीत शिट्टीचे ओठ क्षणभर निळे पडले. मास्तर मोठ्याने बोलायला लागले, काय बोलत होते ते त्यांना नंतर आठवलं नाही. टॅक्सीवाल्याने सांगितलं म्हणून कळलं: मापं. छाती अठरा, कंबर सतरा, बाही अमुक. पोरीच्या अंगरख्याची मापं ते म्हणून दाखवत होते, पुन्हा पुन्हा.

इस्पितळात तिला प्राणवायू लावला, नाकातला शेंबूड ओढून काढला, पायाला तार लावून पडद्यावर आकडे आणले. तासाभराने ओठ पुन्हा गुलाबी झाले. मास्तर तिथेच जमिनीवर बसले.

"आईला बोलावून घ्या," वॉर्डातली सिस्टर म्हणाली.

"फोन लागत नाही तिथे."

"मग घरातलं दुसरं कोणी? रात्री पोरीजवळ आईच लागते इथे."

"तिचं सगळं मीच करतो, सिस्टर," मास्तर म्हणाले. "जन्मापासून नाही, पण दोन महिन्यांपासून मीच."

सिस्टरने त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. वाळलेल्या दुधाचे एकावर एक डाग, घरांच्या नकाशासारखे. मग ती एक खुर्ची घेऊन आली. "बसा. वेळेत आणलीत तुम्ही. बरीच माणसं आवाज कमी झाला म्हणून खूश होतात आणि घरी थांबतात."

हे वाक्य मास्तरांनी पुढे कितीतरी दिवस मनात जपून ठेवलं. त्यांना बरोबर म्हणणारं कोणी भेटून फार दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको आली. मास्तरांचा फोन घाईत घरीच राहिलेला, निरोप उशिरा मिळाला तोवर बस गेलेली होती, म्हणून खडीच्या ट्रकमधून आली होती. केसांत, भुवयांत, जाकिटाच्या खिशात खडीची पांढरी धूळ. ती खाटेजवळ उभी राहिली. हात पुढे केला, धूळ बघितली, मागे घेतला.

"हात धुऊन ये," मास्तर म्हणाले.

धुऊन आली. शिट्टीने तिच्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि मास्तरांकडे तोंड फिरवलं. वॉर्डात कोणाचं लक्ष नव्हतं, तरी ती खिडकीकडे जाऊन उभी राहिली आणि बाहेरचं काहीतरी मोजत असल्यासारखी बराच वेळ एका जागी बघत राहिली.

घरी आल्यावर ती आठवडाभर राहिली. दुसऱ्या सकाळी तिचे डोळे तांबारलेले. "झोपलास कसा तू?" तिने विचारलं. "आवाजाने माझा डोळ्याला डोळा लागला नाही आणि तू खुशाल झोपला होतास."

"आवाज चालू असला की झोपतो मी," मास्तर म्हणाले. "थांबला की जागा होतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "मला तिकडे कसं वाटतं, माहितीये? फोन ठेवला की टेकाडावर वारा असतो फक्त. मी कान देऊन बसते. तुमचा दोघांचा आवाज तिथे ऐकू येणार नाही हे मला कळतं, तरी बसते. आणि तू आजकाल तिचा आवाजच ऐकवत नाहीस."

"तूच म्हणालीस, लांब धर."

"एकदा म्हणाले रे. एकदाच म्हणाले."

मास्तरांनी मान खाली घातली. इतके दिवस एका वाक्याचा राग धरून आपण तिला तिकडे वाऱ्यात एकटं बसवलं, आणि स्वतःही इकडे एकटे बसलो. मग ती उठली, चहा टाकला, आणि दोन्ही कप खिडकीत आणून ठेवले, कारण शिट्टीचा अर्धा तास चालू होता.

पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही. सातव्या महिन्यात शिट्टी टेकून बसायला लागली, मग न टेकता. बसायला लागली तसं दूध पोटात टिकायला लागलं. दहाव्या महिन्यात औषध बंद झालं. वजन करणाऱ्या सिस्टरने आकडा वाचून, न विचारता, मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. सायकलवाला अधूनमधून दारात येऊन "काय म्हणतंय पाखरू?" विचारून जायचा. त्याहून जास्त ना तो बोलला, ना मास्तर. दोघंही कमी बोलणारे. पण दिवसात बोलायला एक माणूस झाला. गिऱ्हाइकं काही परतली, काही नाही.

आणि आवाज कधी गेला ते सांगता येणार नाही. आधी झोपेतला गेला, मग खेळतानाचा, शेवटी फक्त हुंदक्यानंतर एखादा उरला. चौदाव्या महिन्यातल्या एका सकाळी घर इतकं शांत होतं की मास्तर दचकून उठले, पाळण्यावर ओणवे झाले, पोटावर तळहात ठेवला. पोट वर-खाली होत होतं, छान, बिनआवाज. ते पुन्हा आडवे झाले. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्या शांततेत त्यांना आपल्याच घरात परक्यासारखं वाटलं.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचं तपासून सांगितलं, "आता यायची गरज नाही." मास्तरांनी आभार मानले. दारापर्यंत जाऊन उगाच परत वळले आणि विचारलं, "अजिबातच नाही?"

पुलाचा शेवटचा खांब उभा राहिला तेव्हा बायकोला पूर्ण महिन्याची रजा मिळाली. शिट्टी तेव्हा दीड वर्षाची, पळणारी, बडबडणारी. आई जवळ आली की बाबांच्या पायांना मिठी मारणारी. आईने बाहुली पुढे केली, तर बाहुली घेतली आणि पाय नाही सोडले. चार दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मास्तरांनी पाहिलं, बायको पडद्याजवळ उभी आहे. आत यावं की बाहेर थांबावं हे न ठरवता आलेल्या पाहुणीसारखी. काचेआडची, कोणाला न दिसणारी स्वतःची खिडकीतली जागा त्यांना आठवली.

"मी बटणं घेऊन येतो," ते म्हणाले.

"आत्ता?"

"संपलीयेत."

त्यांनी शिट्टीचे हात पायांवरून सोडवले, तिला उचलून आईच्या कडेवर दिलं आणि मागे न बघता बाहेर पडले. मागे आकांत झाला. रस्त्याला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हातात काही नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच. हातांचं काय करायचं हे कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे धरले. डावा खांदा आपला आपणच वर उचललेला, जणू त्यावर अजून डोकं आहे.

"आज एकटेच?" बटणवाल्याने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "आज एकटाच."

घरात डबाभर बटणं होती. तरी त्यांनी चार भोकांची एक डझन काळी बटणं निवडली, एकेक बटण उजेडात धरून, जमेल तितकं सावकाश. परत येताना दोन गल्ल्या लांबून आले. दारापाशी पोचले तर आत रडणं चालूच. आता फक्त "बाबा, बाबा". मास्तरांचा हात कडीपर्यंत गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि पायरीवर बसले.

बराच वेळ गेला. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांच्या मध्ये बायकोचा आवाज ऐकू यायला लागला. तिला अंगाई येत नव्हती, गोष्टही येत नव्हती. ती पोरीला पूल सांगत होती. पहिला खांब एवढा उंच, दुसरा त्याहून एवढा, मधलं अंतर इतकं, खालून नदी, नदीत पाय टाकला तर गार. मग तिसरा खांब. कुठेही चुकत नव्हती. चौथ्या खांबाला शिट्टीने काहीतरी विचारलं, एकच शब्द, तो बाहेर नीट कळला नाही. बायको हसली आणि पुन्हा पहिल्या खांबापासून सांगायला लागली.

मास्तर पायरीवरच बसून राहिले, बटणांची पुडी मांडीवर ठेवून. आत जायची घाई नव्हती.